शिक्षेनंतरचे साठ दिवस

(देवणी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय कळवला तेव्हा संयोजकांचा चेहरा जरा पडला होता. परदेशातून अमली पदार्थ आणल्याची शिक्षा आणि तिच्यावरचं अपील, यात देवणीकरांनी काय ऐकायचं? इथल्या माणसाला सोयाबीनचा भाव, पीकविम्याचे पैसे आणि पोराची नोकरी याची चिंता. मी त्यांना म्हटलं, पोराच्या नोकरीवरच बोलणार आहे. आपल्या भागातली पोरं आखातात जातात, हैदराबादला जातात, मुंबईला गाड्या चालवतात. 'एवढी बॅग तिकडे पोचवशील का' असं त्यांनाच विचारलं जातं.

आणि ही गोष्ट आता लांबची राहिली नाही. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिण्याला महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, मेफेड्रोनचा कारखाना पकडला. ११.३६ किलो माल होता. ज्याला पोरं एमडी म्हणतात तेच हे. त्याच वर्षी तुळजापूरचं अमली पदार्थांचं प्रकरण गाजलं. चहाच्या टपरीवर त्याची चर्चा झाली ती 'कोण कोण सापडलं' एवढीच. पकडल्यानंतर, शिक्षा लागल्यानंतर काय होतं, यावर कुणी बोलत नाही. ज्या घरात ते घडतं ते घर गावात तोंड दाखवत नाही, आणि बाकीच्यांना ते आपल्या घरात घडणारच नाही असं वाटतं. म्हणून आज तेवढ्याच टप्प्यावर बोलतो. शिक्षा लागली. आता पुढे काय?

एका खटल्यापासून सुरुवात करतो. मुंबईचं एक नवविवाहित जोडपं. नवऱ्याच्या आत्याने त्यांना मधुचंद्रासाठी कतारची सहल देऊ केली. तिकीट तिचं, हॉटेल तिचं. जाताना तिने एक पाकीट दिलं. त्यात जर्दा आहे, तिकडे एकाला द्यायचा आहे, असं सांगितलं. जुलै २०१९ मध्ये दोहाच्या हमद विमानतळावर बॅग तपासली तर त्यात ४.१ किलो चरस निघालं. बायको गरोदर होती. दोघांना प्रत्येकी दहा वर्षांची कैद आणि तीन लाख रियालांचा दंड झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये मुलीचा जन्म झाला तो कैदेतच.

वरच्या न्यायालयात पहिलं अपील गेलं, तेही फेटाळलं. इथपर्यंत ही गोष्ट शेकडो कुटुंबांची आहे. फरक पडला तो मुंबईत. बायकोच्या वडिलांनी हात जोडत फिरण्यात वेळ घालवला नाही. जावयाचा जुना फोन घरीच राहिला होता. त्यात आत्याशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग सापडलं. ते घेऊन ते अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोकडे, एनसीबीकडे गेले. ब्युरोने तपास केला आणि आत्याला व तिच्या साथीदाराला भारतात अटक केली. तपासातलं सगळं परराष्ट्र मंत्रालय आणि दोह्यातल्या दूतावासामार्फत तिकडच्या वकिलापर्यंत पोचवलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये कतारच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने, ज्याला तिकडे कॅसेशन न्यायालय म्हणतात, प्रकरण फेरविचारासाठी अपील न्यायालयाकडे परत पाठवलं. २९ मार्च २०२१ रोजी दोघं निर्दोष सुटली आणि एप्रिलच्या मध्याला लेकरू घेऊन मुंबईत उतरली.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. रामेश्वरमचे पाच मच्छीमार. २०११ साली श्रीलंकेच्या नौदलाने त्यांना पकडलं, हेरॉइनच्या तस्करीचा आरोप ठेवला. ३० ऑक्टोबर २०१४ रोजी कोलंबोच्या उच्च न्यायालयाने पाचही जणांना फाशी सुनावली. तामिळनाडू पेटलं. भारताने तिकडे अपील दाखल केलं होतं. पण दिल्ली आणि कोलंबो यांच्यात बोलणी झाली, अपील मागे घेतलं गेलं आणि नोव्हेंबरमध्येच राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी पाचही जणांना माफी दिली. तीन आठवड्यांत माणसं घरी आली. जीव वाचला यात आनंदच आहे. मी तिथे वकील असतो तर मीही तेच केलं असतं. पण कायद्याच्या पुस्तकात त्या पाच जणांच्या नावापुढे काय राहिलं? दोषी, पण क्षमा केलेले. त्यांनी खरंच हेरॉइन नेलं होतं का, हे अपील न्यायालयाने तपासलंच नाही.

मला आज जे सांगायचं आहे ते या दोन प्रकरणांमधल्या अंतरात आहे. माफी मागणं वेगळं आणि अपील करणं वेगळं. आपल्या भागातली माणसं अपील करायला येतात आणि माफी मागतात.

माझ्या टेबलासमोर बसलेला बाप काय सांगतो ते ऐका. 'साहेब, एकुलता एक आहे. साहेब, आईला दम्याचा त्रास आहे. साहेब, दोन एकर होती ती विकली. साहेब, आमदारसाहेबांचं पत्र आणलंय.' मी विचारतो, 'काका, पंचनाम्याची नक्कल आणलीत का?' पंचनामा नसतो. आमदारांचं पत्र असतं. मी या माणसाला हसत नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. पिढ्यान् पिढ्या आपला अनुभव दरबाराचा. वर कुणीतरी मोठा बसलेला असतो, त्याच्या मनात आलं तर तो सोडतो. ती सवय एका संविधानाने जात नाही. पण देवणीच्या बैलबाजारात वळू घेणारा दात बघतो, खूर बघतो, चाल बघतो. विकणाऱ्याच्या घरची अडचण ऐकून तो पैसे मोजत नाही. उच्च न्यायालयही तसंच आहे. त्याच्यापुढे आईचा दमा नसतो. सरकारने जे सिद्ध करायला हवं होतं ते केलं का, एवढंच त्याच्यापुढे असतं.

ते काय सिद्ध करायचं असतं, ते कायद्यातून सांगतो.

अमली पदार्थांचा आपला कायदा १९८५ चा. बोलीत सगळे एनडीपीएस म्हणतात, मीही तेच म्हणेन. देशात माल आणण्याचा गुन्हा कलम २३ मध्ये आहे. शिक्षा वजनावर ठरते. चरस शंभर ग्रॅमपर्यंत अल्प, एक किलोच्या वर व्यापारी. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत अल्प, अडीचशेच्या वर व्यापारी. गांजा एक किलो आणि वीस किलो. मेफेड्रोन दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, शिवाय लाखापासून दोन लाखांपर्यंत दंड. दहाच्या खाली यायचा अधिकार न्यायाधीशालाही नाही. २००१ च्या दुरुस्तीआधी तर मात्रेच्या या पायऱ्याही जवळपास नव्हत्या. अगदी थोडा माल स्वतःपुरता होता असं दाखवता आलं तरच कमी शिक्षा, नाहीतर बहुतेक मालाला सरसकट दहा.

त्याहून कडक गोष्ट कलम ३५ आणि ५४ मध्ये आहे. चोरीच्या खटल्यात चोर होता हे सरकारला सिद्ध करावं लागतं. इथे तुमच्याजवळ माल सापडला की तुम्हाला तो माहीत होता असंच न्यायालय धरून चालतं. माहीत नव्हता हे तुम्ही दाखवायचं. कतारच्या त्या जोडप्याला जे दाखवावं लागलं तेच इथेही दाखवावं लागेल. 'पाकीट आत्याने दिलं' हे म्हणून भागत नाही.

मग या कायद्यात अपिलाला उरतं काय? बरंच उरतं. आणि ते शिकवलं एका अफगाण माणसाच्या खटल्याने. नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य. १ ऑगस्ट १९९८ रोजी अमृतसरच्या राजासांसी विमानतळावर एरियाना या अफगाण विमान कंपनीचा एक कर्मचारी उतरला. त्याच्याजवळ द्राक्षांचा खोका होता. खोक्याच्या पुठ्ठ्यात १ किलो ४०० ग्रॅम हेरॉइन लपवलेलं सापडलं, असं कस्टम्सचं म्हणणं. खालच्या न्यायालयाने २००० साली दहा वर्षं सुनावली. २००६ साली उच्च न्यायालयाने ती कायम केली. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

का सोडलं? न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, उलट कलम ३५ आणि ५४ घटनेला धरूनच आहेत असं सांगितलं. पण पुढे एक अट घातली. आरोपीवर ओझं टाकायच्या आधी मूळ गोष्टी सरकारने स्वतः सिद्ध केल्या पाहिजेत. हाच माल याच माणसाजवळ सापडला, सीलबंद झाला, तोच प्रयोगशाळेत गेला, तोच न्यायालयापुढे आला, ही साखळी आधी दाखवा. आणि शिक्षा जितकी कडक, तितका पुरावा काटेकोर हवा. नूर आगाच्या खटल्यात काय होतं? ज्या खोक्यात हेरॉइन सापडलं म्हणायचं, तो खोकाच न्यायालयात आला नव्हता. मुद्देमाल पुढे आला नव्हता. कस्टम्सच्या ताब्यात घेतलेला कबुलीजबाब होता, तो त्याने नंतर नाकारला होता. म्हणजे ज्या पुठ्ठ्यावर सगळा खटला उभा, तो पुठ्ठा गायब.

मंडळी, दहा वर्षांच्या शिक्षेचा खटला दहा वर्षं चालला आणि शेवटी प्रश्न विचारला गेला तो पहिल्या दिवसाचा: खोका कुठे आहे? हा प्रश्न अमृतसरच्या न्यायालयात, पहिल्याच साक्षीदाराच्या उलटतपासणीत विचारता आला असता. आपल्याकडच्या बहुतेक अपिलांची ओढाताण इथूनच सुरू होते. खाली जे विचारलं नाही ते वर विचारताना दमछाक होते. तालुक्याच्या ठिकाणचे माझे वकीलमित्र समोर बसलेत, त्यांना राग येईल. पण उलटतपासणीत 'हे म्हणणं खोटं आहे की' एवढंच लिहून घेऊन बसलेला वकील उच्च न्यायालयातल्या वकिलाला कोरा कागद देतो.

आता मुद्देमालाविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण अमली पदार्थांच्या अपिलाची निम्मी लढाई मुद्देमालाच्या खोलीत असते. माल पकडला की त्याचं वजन, सील, नमुने, पंचांच्या सह्या, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत नोंद, मग प्रयोगशाळेकडे पाठवणं. कलम ५२-अ सांगतं की नमुने दंडाधिकाऱ्यांच्या समोर काढावेत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल प्रकरणात यावर ठणकावून सांगितलं. त्यानंतर अनेक अपिलं या एका मुद्द्यावर मंजूर झाली. वकिलांना वाटलं, किल्ली सापडली. मग जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाळे विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात न्यायालयाने सांगितलं की ५२-अ पाळलं नाही एवढ्यावर खटला पडत नाही. त्यामुळे मालाच्या ओळखीविषयीच शंका येते का, ते बघा. मला हा निकाल पटतो. एक कलम मोडलं म्हणून सुटका, हा लॉटरीचा न्याय झाला. साखळी खरोखर तुटली का, हा खरा प्रश्न.

याच ठिकाणी 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' हा आपला लाडका शब्दप्रयोग येतो. गावात कुणी सुटलं की लोक असंच म्हणतात. मी म्हणतो, सील कुणी लावलं, ते न मोडता प्रयोगशाळेत गेलं का, हा तांत्रिक मुद्दा नाही. पोतंभर गांजा कुणाच्याही गोठ्यात ठेवता येतो. ठेवणारा कोण हे फक्त या कागदावरून कळतं. आणि हाच कागद उलट दिशेनेही खोटा होऊ शकतो, हेही सांगितलं पाहिजे. केरळमध्ये १९९० साली तिरुअनंतपुरम विमानतळावर एका ऑस्ट्रेलियन प्रवाशाला ६१.५ ग्रॅम चरसासह पकडलं. चरस त्याच्या अंतर्वस्त्रात होतं. खाली दहा वर्षं लागली. उच्च न्यायालयात वकिलाने सांगितलं, हे वस्त्र माझ्या पक्षकाराला बसतच नाही. घालून पाहिलं, खरंच बसेना. आरोपी सुटला, देश सोडून गेला. नंतर ऑस्ट्रेलियातून माहिती आली की न्यायालयाच्या ताब्यातून ते वस्त्र बाहेर काढून लहान करून परत ठेवलं होतं. पुरावा बदलल्याच्या आरोपावरून त्या वेळच्या वकिलावर खटला उभा राहिला, आणि ते वकील पुढे आमदार, मंत्री झाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्येसुद्धा सर्वोच्च न्यायालय त्या जुन्या प्रकरणाचा निवाडा देत होतं. मुद्देमालाच्या खोलीला दोन्ही बाजूंनी चोर लागतात.

आता शिक्षेच्या मोजमापाकडे येतो. दोष कायम राहिला तरी शिक्षा कमी होते का?

गोव्याचा एक जुना खटला आहे, गुंटर एडविन किर्चर विरुद्ध गोवा राज्य. जर्मन माणूस, त्याच्याजवळ चरसाचे दोन तुकडे, एक सात ग्रॅमचा, एक पाचचा. दहा वर्षं लागली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा कागद काय सांगत होता? दोनपैकी एकच तुकडा तपासायला पाठवला होता, तो पाच ग्रॅमच्या आतला. दुसरा तुकडा चरसच होता हे कुणी तपासलं? कुणीच नाही. तेव्हाची अल्प मात्रेची मर्यादा पाच ग्रॅम होती. शिक्षा सहा महिन्यांवर आली. दोन तुकड्यांपैकी एकच तपासला, एवढ्यावर साडेनऊ वर्षांचा फरक.

मात्रेच्या या हिशोबावर न्यायालयांनी बरीच वर्षं वाद घातला. २००८ साली मायकल राज प्रकरणात चार किलो हेरॉइन होतं, पण त्यातलं शुद्ध हेरॉइन दीड टक्क्याच्या आसपास. न्यायालयाने शुद्ध मालाचं वजन धरलं, साठ ग्रॅम, आणि शिक्षा खाली आली. २०२० साली हीरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते उलटवलं. भेसळीसकट सगळं वजन मोजायचं. म्हणजे ग्लुकोज मिसळणाऱ्या दलालाचा ग्लुकोजही आता वाहकाच्या शिक्षेत मोजला जातो. तर्क कळतो, कारण विकली जाते ती भेसळच. पण मला यात एक मोठी उणीव दिसते.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून शिक्षा ठरवताना दोन गोष्टी बघतात: मात्रा आणि भूमिका. माल ज्याचा आहे तो, व्यवहार चालवणारा, आणि नुसता वाहून नेणारा, यांच्यात फरक करतात. दमदाटीने किंवा भोळेपणाने बॅग उचलणाऱ्याला तिकडे वेगळी पायरी आहे. आपल्याकडे तराजूला एकच पारडं आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून हायड्रोपोनिक गांजा घेऊन उतरणारा पंचवीस वर्षांचा पोरगा आणि त्याला तिकीट काढून देणारा दलाल, दोघांची किमान शिक्षा सारखी. आणि दलाल विमानात बसत नाही. कोकेनच्या कॅप्सूल गिळून येणारे प्रवासी जे. जे. रुग्णालयात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने दाखल होतात, त्यांच्या पोटातून माल काढला जातो. ज्याने ते गिळायला लावलं तो परदेशात असतो. कलम ३२-ब मध्ये शिक्षा वाढवायची कारणं दिली आहेत. कमी करायची यादी मात्र कुठे नाही. अपिलातले वकील ही पोकळी दंडाच्या बाजूने भरू पाहतात.

दंड हा आपल्या लोकांसाठी मोठा विषय आहे, म्हणून सांगतो. दहा वर्षं अधिक एक लाख दंड, आणि दंड न भरल्यास आणखी तीन वर्षं, असे निकाल लागायचे. ज्याच्याकडे लाख रुपये आहेत तो दहा वर्षांनी सुटणार, ज्याच्याकडे नाहीत तो तेरा. २००७ साली शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी तीन वर्षं सहा महिन्यांवर आणली. पुढे गुजरातच्या एका प्रकरणात पंधरा वर्षांची शिक्षा किमान दहावर आणि दंडाबदलीची कैद सहा महिन्यांवर आली. अपिलातली ही मागणी छोटी दिसते. पण गरीब कुटुंबाला अडीच वर्षं परत मिळवून देणारा दुसरा मुद्दा मला माहीत नाही, आणि तो मांडायचंच राहून गेलेली अपिलं मी पाहिली आहेत.

अपील पडून राहतं तेव्हा माणूस आत असतो. १९८९ च्या दुरुस्तीने कलम ३२-अ घातलं: या कायद्याखालची शिक्षा न्यायालयाने स्थगित करायचीच नाही. अपील दाखल केलं तरी तुम्ही आतच. यावर महाराष्ट्रातूनच एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य. ऑक्टोबर २००० मध्ये न्यायालयाने सांगितलं, अपील ऐकणाऱ्या न्यायालयाचा स्थगितीचा अधिकार संसद काढून घेऊ शकत नाही. तो काढला तर अपिलाला अर्थ उरत नाही. तेवढा भाग रद्द झाला. कलम ३७ मात्र उभंच आहे. व्यापारी मात्रा असेल तर आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण दिसलं आणि तो पुन्हा तसं करणार नाही असं वाटलं, तरच सुटका. खाली दोषी ठरलेल्याला 'दोषी नसावा' म्हणायचं, हे न्यायाधीशाला जड जातं. अलीकडे एक दार किलकिलं झालं आहे. मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की खटल्याला अवाजवी उशीर झाला तर कलम ३७ जामिनाच्या आड येऊ शकत नाही. तो कच्च्या कैद्याचा खटला होता, पण अपिलात अडकलेल्यांसाठीही आम्ही तोच युक्तिवाद घेऊन उभे राहतो.

एका भीतीविषयी दोन वाक्यं. 'अपील केलं तर शिक्षा वाढेल' असं जेलमध्ये एकमेकांना सांगतात. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात न्यायालय त्याची शिक्षा वाढवत नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. सरकारने वाढीसाठी वेगळं अपील केलं तर गोष्ट वेगळी.

परदेशात शिक्षा लागली तर? इथे एक कटू निकाल सांगितला पाहिजे. आपला एक नागरिक मॉरिशसमध्ये १५२.८ ग्रॅम हेरॉइनसह सापडला. तिकडे २६ वर्षं लागली. आपला २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आणि दोन देशांमधला करार यांखाली त्याला उरलेली शिक्षा भोगायला भारतात आणलं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद साधा होता: एवढ्याच मालाला भारतात जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत. उच्च न्यायालयाने २०१९ साली ते मान्य केलं आणि शिक्षा दहावर आणली. सरकार वर गेलं. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. करारात शिक्षेची मुदत बंधनकारक आहे. आपल्याकडे कमी शिक्षा आहे एवढ्यावरून तिकडची शिक्षा आपल्या कायद्याशी विसंगत ठरत नाही. २६ म्हणजे २६.

उच्च न्यायालयाचं मन मला कळतं, पण निकाल म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा बरोबर आहे. मॉरिशसच्या न्यायालयावर अपील ऐकायला मुंबईचं न्यायालय बसलेलं नाही. आपण तसं करू लागलो तर उद्या कुठलाच देश आपला कैदी परत पाठवणार नाही. याचा आखातात पोरगं असलेल्या घराला अर्थ एवढाच: लढायचं ते तिकडेच, तिकडच्या मुदतीत, तिकडच्या वकिलामार्फत. 'आधी भारतात आणू, मग बघू' हा सल्ला देणारा माणूस घराचं नुकसान करतो. पोराला दूतावासाशी बोलायचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारातला. कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला त्याचीच आठवण करून दिली. तो पहिल्याच दिवशी मागायचा. आणि इकडे घरच्यांनी पोराचा फोन, तिकिटाची पावती, पैसे कुणी भरले त्याची बँकेची नोंद, निरोप कुणी दिला, हे सगळं जपायचं. बदनामी नको म्हणून घरातली बाई पोराच्या फोनमधले संदेश पुसते, आणि तिथेच अपील संपतं. कतारच्या प्रकरणातल्या त्या वडिलांनी फोन पोलिसांपासून लपवला असता तर?

शेवटी आपल्या भागाची एक अडचण. देवणी तीन राज्यांच्या तोंडावर आहे. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातला गांजा हैदराबाद, झहीराबाद, बीदर असा इकडे येतो आणि गाडी कुठल्या नाक्यावर अडवली यावर सगळं ठरतं. झहीराबादला अडवली तर खटला संगारेड्डीला आणि अपील हैदराबादच्या तेलंगणा उच्च न्यायालयात. बीदरला अडवली तर अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठात. आपल्या हद्दीत अडवली तर संभाजीनगरच्या खंडपीठात. तीन न्यायालयं, तीन भाषा. चुकीच्या शहरात वकील लावून महिना घालवलेली कुटुंबं आहेत. मुदत उच्च न्यायालयात निकालापासून साठ दिवस. कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत न्यायालयाने ताबडतोब आणि फुकट द्यायची असते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६३, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४०४. वकील नसेल तर कैदी स्वतः तुरुंगाच्या अधीक्षकामार्फत अपील पाठवू शकतो, त्याला जेल अपील म्हणतात, आणि उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती वकील देते. त्याला एक रुपया लागत नाही. मुदत उलटली तर उशीर माफ करायचा अर्ज करता येतो, पण त्यात कारण द्यावं लागतं, आणि 'आमदारसाहेबांकडे गेलो होतो' हे कारण मी अजून कुठल्याही न्यायमूर्तींना मान्य करताना पाहिलेलं नाही.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने घेऊ. ज्यांना चारचौघांत विचारायचं नाही, त्यांनी कागद घेऊन नंतर भेटावं. निकालाची प्रत असेल तर आधी ती.